पात्राचा धनी कोण ?

कल्पनेंत निर्माण केलेल्या माणसावर अन्याय होऊं शकतो काय, आणि होत असेल तर तो नेमका कोणावर होतो, हा प्रश्न वर्गांत विचारला असतां विद्यार्थी हसतात आणि तास संपण्याची वाट पाहतात. आमचीहि स्थिति फारशी निराळी नव्हती. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची भाची आठ दिवस आमच्याकडे राहावयास आली, आणि एका सकाळीं फराळाची बशी तशीच पुढें ठेवून ती डोळे पुसूं लागली, तेव्हां या प्रश्नाकडे आम्हांस जरा सावरून बसून पाहावें लागलें. काय झालें म्हणून विचारतां ती म्हणाली, "मामा, माझ्या कॅरेक्टरचा अर्ज परत आला."

नोकरीचा अर्ज परत येतो, कॉलेजांतील प्रवेशाचा येतो, हें आम्हांस ठाऊक होतें. पात्राचा अर्ज ही वस्तु आमच्या ऐकिवांत नव्हती. ज्या वाचकांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्यांना ती कदाचित् परिचित असेल. इतरांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे.

निरनिराळ्या देशांतील दहा-वीस माणसें इंटरनेटवर एकत्र जमतात आणि मिळून एक कथा लिहितात. कथेचें जग आधीं ठरलेलें असतें. एखादें बंदराचें शहर, एखादें जादूचें विद्यालय, एखादें अंतराळयान. प्रत्येकानें आपलें एक पात्र घेऊन त्या जगांत यावयाचें, आणि त्या पात्राचें बोलणें, वागणें व मनोव्यापार त्यानेंच लिहावयाचे. एकानें एक परिच्छेद लिहिला कीं दुसऱ्यानें आपल्या पात्राच्या बाजूनें त्यास उत्तर द्यावयाचें, आणि अशी कथा महिनोन्महिने चालावयाची. याला रोलप्ले म्हणतात. आणि दुसऱ्याच्या कादंबरींतून न उचलतां स्वतः घडविलेल्या पात्राला 'ओरिजिनल कॅरेक्टर', किंवा घरगुती भाषेंत नुसतें 'ओसी'. "मी आई, तूं बाबा" असें म्हणून भातुकलींत जो संसार थाटला जातो त्याचीच ही वाढलेली आवृत्ति आहे असें कोणी म्हणेल तर आमची हरकत नाहीं. मात्र भातुकलींत शिरण्यासाठीं अर्ज करावा लागत नाहीं. यांतील पुष्कळ मंडळ्यांत तो लागतो. पात्राचें नांव, वय, रूप, पूर्वेतिहास, गुण, दोष आणि लेखनाचा एक नमुना इतकें सारें भरून चालकांकडे पाठवावें लागतें. चालक तें वाचतात, आणि पात्रास आंत घेतात किंवा परत पाठवितात.

या प्रकाराची वंशावळ फार लांब नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. चार मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसावयाचें आणि प्रत्येकानें एकेका वीराची भूमिका घ्यावयाची असा तो खेळ. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ यानें, व त्याच्या जोडीनें रिचर्ड बार्टल यानें, केवळ शब्दांनीं रचलेलें एक जग संगणकावर उभें केलें आणि त्यांत अनेकांना एकाच वेळीं वावरतां येऊं लागलें. भाचीची मंडळी या दोघांचीच नातवंडें.

आतां तिच्या अर्जाकडे वळूं. तिची नायिका अठरा वर्षांची होती. सात भाषा बोलणारी, तलवारींत निष्णात, वाद्यवादनांत निपुण, अनाथ असूनहि सदा हसतमुख, आणि एक डोळा हिरवा तर दुसरा जांभळा. दोषाच्या रकान्यांत लिहिलें होतें, "लोकांवर फार लवकर विश्वास ठेवते." चालकांनीं मोठ्या सौजन्यानें कळविलें होतें कीं लेखन चांगलें आहे, परंतु या मुलीला दुसऱ्या कोणाची गरज कशासाठीं पडेल हें समजत नाहीं, तरी खरा दोष लिहून अर्ज पुन्हा पाठवावा. आम्ही मोठ्यानें हसलों. तें हसणें भाचीला लागलें, आणि आज आठवलें म्हणजे आम्हांसहि थोडें लागतें.

असल्या सर्वगुणसंपन्न नायिकेला त्या जगांत 'मेरी सू' असें नांव आहे. १९७३ सालीं पॉला स्मिथ या बाईंनीं 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या चाहत्यांच्या एका नियतकालिकांत लहानशी विडंबनकथा लिहिली. तींत साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू साऱ्या ताफ्यांतली सर्वांत तरुण अधिकारी असते, सर्वांना वांचविते, आणि तिच्या मृत्युशय्येभोंवतीं बडे बडे अधिकारी अश्रु ढाळतात. चाहत्यांच्या कथांत अशा मुलींचा फार सुळसुळाट झाला होता म्हणून बाईंनीं ही थट्टा केली, आणि तें नांव कायमचें चिकटलें. आम्हांस हें नांव फारसें आवडत नाहीं. तें बहुधा मुलींच्याच वांट्यास येतें. एकटा शंभरांना लोळविणारा पुरुष कोठल्याहि चित्रपटांत दिसला तरी त्याचा अर्ज कोणी परत पाठवीत नाहीं. आणि आपल्याकडे तरी काय ? लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'पासून (१८६१) आमच्या आरंभींच्या अद्भुत कादंबऱ्यांत सद्गुणी माणसें सद्गुणांच्या ओझ्यानें वांकलेलीं असत, आणि आमच्या पणज्या-आज्यांनीं तीं आवडीनें वाचलीं. सोळा वर्षांच्या मुलीनें पहिल्यानें घडविलेलें पात्र म्हणजे पात्र नसतेंच, ती इच्छा असते. आणि इच्छेंत दोष कोठून यावा?

तरी चालकांचें म्हणणें खोटें नव्हतें. 'डंजन्स'च्या मूळ खेळांत प्रत्येक वीराचे सहा गुण धरीत : बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठीं तीन फांसे टाकावयाचे आणि बेरीज येईल ती मुकाट्यानें लिहून घ्यावयाची. तीनपासून अठरापर्यंत वाटेल तें येई. एखाद्याचा वीर बैलासारखा बळकट आणि बैलासारखाच मंद निघे. त्यांत खेळणाऱ्याची नामुष्की नसे, दैवानें दिलें तें त्यानें घेतलें. लिहिणाऱ्यांच्या मंडळींत फांसा नाहीं. येथें आपल्या पात्रांत उणें काय आहे हें आपणच ठरवावयाचें, आपल्याच हातानें लिहावयाचें, आणि परक्यांपुढें ठेवावयाचें. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. अनेक वर्षें आम्हीं कॉलेजांत मुलाखती घेतल्या आहेत. "आपल्यांतला एक दोष सांगा" असें म्हटलें म्हणजे शंभरांतले नव्वद उमेदवार "मी फार मेहनत करतों" असें सांगतात. भाचीचें "फार लवकर विश्वास ठेवते" हें त्याच जातीचें.

दोष हवा कशाला, याचें उत्तर चालकांच्या त्या एका वाक्यांतच होतें. ज्याला कांहीं कमी नाहीं त्याच्या कथेंत दुसऱ्यानें करावें काय ? त्यानें टाळ्या वाजवाव्या. पात्रांत जेथें उणीव असते तेथूनच दुसऱ्या पात्राला आंत येण्यास वाट सांपडते. एकट्यानें लिहिलेल्या कादंबरींत ही वाट लेखक आपल्या सोयीनें उघडतो व मिटतो. दहाजणांच्या कथेंत ती उघडी ठेवून बाहेर बसावें लागतें, आणि कोण येईल, काय करील, हें आपल्या हातीं राहत नाहीं.

परंतु याला एक मर्यादा आहे, आणि ती आम्हांस या साऱ्या प्रकारांतली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटली. नियम असा कीं आपल्या पात्राचा प्रयत्न लिहावा, दुसऱ्याच्या पात्रावर त्याचा परिणाम लिहूं नये. "माझ्या शिपायानें तलवार उगारली" हें चालेल. "आणि तुझ्या शिपायाचा हात तुटून पडला" हें चालणार नाहीं. हात तुटला, कीं वार चुकला, कीं शिपाई पळाला, हें ज्याचा शिपाई त्यानें सांगावयाचें. तीच गोष्ट मनाची. "तिच्याकडे पाहून तो हसला" असें लिहावें. "आणि तिला तो आवडला" असें लिहिण्याचा अधिकार त्याला नाहीं. हा नियम मोडणें याला गॉडमॉडिंग म्हणतात. म्हणजे चारचौघांच्या जगांत एकट्यानेंच ईश्वर होऊन बसणें. कोणास येथें गीतेंतील कर्म आणि फल यांचा विचार आठवेल. तो येथें ओढून आणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, कारण गीतेंत फल कोणा शेजाऱ्याच्या हातीं दिलेलें नाहीं. त्यापेक्षां दक्षिण कोंकणांतील दशावतारी नाटकांचा दाखला जवळचा आहे. तेथें परंपरेनें संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर आयत्या वेळीं होतात. समोरच्याला बोलण्यास जागाच न ठेवणारा नट कितीहि वाक्पटु असला तरी तेथें सोबत्यांना नकोसा होतो.

हा नियम मोडला तर होतें काय ? १९९० सालीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत पॅव्हेल कर्टिस यानें 'लॅम्ब्डामू' नांवाचें शब्दमय जग उभें केलें. तेथें एका सभासदानें अशी युक्ति योजिली कीं दुसऱ्यांचीं पात्रें त्यांच्या धन्यांनीं न लिहिलेल्या गोष्टी करीत आहेत असें सर्वांना दिसावें. आणि भरल्या बैठकींत त्यानें कांहीं पात्रांकडून अत्यंत लाजिरवाण्या गोष्टी करविल्या. ज्यूलियन डिबेल यांनीं १९९३ सालीं 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या पत्रांत हा प्रकार सविस्तर लिहिला. त्यांतील एका पात्राची धनीण शेंकडों मैलांवर आपल्या खोलींत होती. तिच्या केसालाहि धक्का लागला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशीं शासनाची मागणी लिहितांना तिच्या डोळ्यांतून अश्रु वाहत होते, असें तिनें डिबेल यांना सांगितलें. शेवटीं अधिकार असलेल्या एकानें त्या दुष्ट पात्राचा कायमचा निकाल लावला, आणि पुढें कर्टिस यानें त्या जगांत अर्ज व मतदान यांची पद्धति सुरू केली.

यावर दोन उत्तरें तयार असतात. एक, "हे सारे शब्द; त्यांत रडण्यासारखें काय ?" दुसरें, "अंगावरचा अत्याचार तो हाच." आम्हांस दोन्ही पटत नाहींत. दुसरें उत्तर ज्यांनीं खरोखर तसलें दुःख भोगलें त्यांना अन्यायकारक आहे. आणि पहिलें उत्तर देणाऱ्या गृहस्थाच्या नांवानें उद्यां कोणी वर्तमानपत्रांत खोटें माफीपत्र छापलें तर तो "हे नुसते शब्द" म्हणून स्वस्थ बसणार नाहीं. त्या स्त्रीचें शरीर कोणी हिरावलें नव्हतें. तिच्या तोंडीं तिचे नसलेले शब्द घातले होते, आणि ते तिचेच म्हणून लोकांना ऐकविले होते.

या विषयावरचा आमच्या मतें सर्वांत सुंदर दाखला मात्र संगणकाच्या फार पूर्वींचा आहे. १८२६ सालच्या जून महिन्यांत यॉर्कशायरांतील हॉवर्थ गांवचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे यांनीं आपल्या मुलासाठीं लीड्सहून बारा लांकडी शिपाई आणले. चार भावंडांनीं एकेक उचलला. शार्लटनें आपल्या शिपायास ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलें, ब्रॅनवेलनें आपल्यास बोनापार्ट. त्यांतून एक नगर निघालें, नगराचें राज्य झालें, आणि त्या राज्याचीं मासिकें बोटाएवढ्या वह्यांत मुंगीच्या अक्षरांनीं लिहिलीं जाऊं लागलीं. पुढें शार्लट आणि ब्रॅनवेल यांनीं मिळून अँग्रियाचें राज्य चालविलें. एमिली आणि अ‍ॅन या धाकट्या दोघींनीं वेगळें बिऱ्हाड करून गोंडल नांवाचें आपलें बेट वसविलें.

१८३६ सालीं शार्लट वीस वर्षांची होती आणि घरापासून दूर रो हेडच्या शाळेंत शिकवीत होती. घरीं ब्रॅनवेल कथा पुढें नेत होता, आणि नेतां नेतां त्यानें अँग्रियाच्या राणीस मारावयास घेतलें. ही राणी म्हणजे शार्लटचा लाडका नायक झमोर्ना याची पत्नी. आणि ब्रॅनवेलचा लाडका नायक नॉर्थअँगरलंड याची कन्या. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर तिचें माहेर भावाकडे होतें आणि सासर बहिणीकडे. तिच्या मरणाचा अधिकार कोणाचा ? राणी खरोखरच मेली कीं काय, या विचारानें शार्लट दूर शाळेंत किती बेचैन झाली होती हें तिच्या त्या वेळच्या टिपणांवरून दिसतें. पुढें स्वतः लिहावयास बसल्यावर तिनें राणीला जिवंत ठेवलें. भावानें यावर काय म्हटलें असेल याची कल्पना भाऊ असलेल्या वाचकांनीं करावी.

हें सारें पोरपणाचें म्हणून सोडून देतां आलें असतें. पण १८४५ च्या जून महिन्यांत एमिली आणि अ‍ॅन यॉर्कच्या प्रवासास निघाल्या, आणि वाटेंत त्या गोंडलमधील निरनिराळ्या माणसांच्या भूमिका घेत गेल्या, असें एमिलीनें स्वतः लिहून ठेवलें आहे. एमिली तेव्हां सव्वीस वर्षांची होती, अ‍ॅन पंचवीस. 'वदरिंग हाइट्स' दोन वर्षांनीं प्रसिद्ध झाली. कोणा पालकाला मुलीच्या या नादाची काळजी वाटत असेल त्यानें एवढें ध्यानांत घ्यावें. वय आणि हेतु लपवून मुलांत मिसळणाऱ्या माणसांची भीति मात्र खरी आहे. तिचा बंदोबस्त घरच्या वडील माणसांनीं डोळसपणें करावा. त्याबद्दल येथें अधिक लिहीत नाहीं.

भाचीनें तिसऱ्या दिवशीं नवा अर्ज लिहिला आणि न बोलतां आमच्यापुढें ठेवला. जांभळा डोळा गेला होता. सातांपैकीं दोन भाषा उरल्या होत्या. नायिका आतां त्या बंदराच्या जकातकचेरींत दुभाष्याचें काम करीत होती. आणि दोषाच्या रकान्यांत लिहिलें होतें : "तिला स्वतःबद्दल कांहीं विचारलें कीं ती गप्प बसते. मग तिच्या वतीनें दुसरें कोणीतरी उत्तर देतें, आणि तेंच आपलें उत्तर होतें असें तिला हळूहळू वाटूं लागतें."

आम्हीं विचारलें, "हा दोष तुला कोठें सांपडला ?"

"आई असंच करते ना," ती म्हणाली.

तिची आई म्हणजे आमची धाकटी बहीण. सत्तावीस वर्षांपूर्वीं ती रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, पुढें शिकण्याचें तिच्या मनांत होतें असें वाटत असे, आणि त्याच वेळीं एक चांगलें स्थळ सांगून आलें. वडिलांनीं तिला समोर बसवून विचारलें. ती गप्प राहिली. आम्ही तेव्हां नुकतेच प्राध्यापक झालों होतों. घरांत आमच्या शब्दाला नवें वजन आलें होतें. आम्हीं म्हटलें, "तिला पसंत आहे. मी तिला ओळखतों." कोणी तिला पुन्हा विचारलें नाहीं. संसार सुखाचा झाला, मेहुणे सज्जन आहेत, आणि म्हणूनच तें वाक्य कोणाचें होतें हें कोणाच्या लक्षांत राहण्याचें कारण उरलें नाहीं. कदाचित् आम्हीं लिहिलें तेंच तिनें लिहिलें असतें. या 'कदाचित्'वर आम्ही आजपर्यंत निर्धास्त होतों.

बहिणीला आम्हीं अजून कांहीं विचारलेलें नाहीं. विचारलें तर ती बहुधा गप्प बसेल, आणि ती गप्प बसली म्हणजे आपण तिचें उत्तर देऊन मोकळे होऊं अशी आम्हांस स्वतःचीच भीति वाटते.

अर्ज दुसऱ्याच दिवशीं मंजूर झाला. मुक्काम संपण्याच्या आदल्या रात्रीं बंदरांत एक जहाज लागलें, त्याचा कप्तान, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास राहणारें कोणी एक माणूस, जकातकचेरींत आला आणि त्यानें दुभाष्या मुलीला विचारलें, "जहाज उद्यां सुटेल. तुला यावयाचें आहे काय ?" ती, आपल्या दोषाला जागून, गप्प बसली. आणि येथें कथा अडली. कप्तानाला तिचें उत्तर लिहितां येईना; जकातकचेरीच्या वरिष्ठाला लिहितां येईना; चालकांनाहि लिहितां येईना. पांच-सहा देशांतलीं दहा-बारा माणसें आपापल्या पात्रांना धक्क्यावर उभीं करून स्वस्थ राहिलीं.

सकाळीं आम्ही चहाच्या वेळीं गेलों तों भाची संगणक उघडून बसली होती. रकाना कोरा होता. आम्ही तिच्या मागें उभे राहून तो प्रसंग पहिल्यापासून वाचला. मुलीच्या मनांत काय आहे आणि उत्तर काय यावें हें आम्हांस अगदीं स्पष्ट दिसत होतें, आणि आम्हीं तसें म्हणण्यासाठीं तोंडहि उघडलें. भाचीनें संगणकाचा पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

"चहा घ्या, मामा," ती म्हणाली, "गार होतोय."